रुमालाची गाठ

आमच्या शेजारच्या काकूंचे मंगळसूत्र आणि दोन पाटल्या भिवंडीत धामणकर नाक्याजवळ भरदुपारी गेल्या. कोणी हिसकावल्या नाहीत, चाकू दाखवला नाही. काकूंनी त्या स्वतःच्या हातांनी काढल्या, रुमालात ठेवल्या, रुमालाला गाठ मारली आणि भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवल्या. कामतघरला घरी येऊन गाठ सोडली तेव्हा आत खडी होती आणि वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा.

संध्याकाळपर्यंत घरात एक शब्द येऊन बसला होता. संमोहन. तो आधी कोणी उच्चारला ते आता कुणालाच आठवत नाही. पण तो उच्चारला गेला आणि घरातला ताण उतरला, हे मी पाहिले आहे. दुपारपासून धुमसणारे काका गप्प झाले. सून म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांत बघायचंच नसतं." आणि काकू, ज्या तोवर पदराचे टोक पिळत खाली बघत होत्या, त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "मला काही कळलंच नाही गं. मी माझ्यात नव्हतेच." तक्रारीतही तेच आले आणि गल्लीभर तेच पसरले. काकूंना त्या शब्दाने दिलेला दिलासा मला समजतो. तरीही माझे म्हणणे असे आहे की त्या शब्दाने त्यांचे, आणि त्यांच्यानंतर त्याच नाक्यावरून जाणाऱ्या बायकांचे, नुकसानच केले.

नाक्यावर काय घडले ते आधी सांगते. एक पोरगेलासा माणूस जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, आगे सेठ को बेटा हुआ है, गरीब औरतों को साड़ी और राशन बाँट रहे हैं." काकू पुढे निघाल्या. तेवढ्यात दुसरा, जरा वयस्क, इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला आणि पहिल्यालाच विचारू लागला, "कहाँ बँट रहा है भाई? मेरी माँ को भी भेजता हूँ." मग दोघे काकूंकडे वळले. सोने घालून गेलात तर शेठ गरीब कसे मानेल? काढून ठेवा, इथेच, आमच्यासमोर. घाई करा, पाच मिनिटांत वाटप बंद. रुमाल त्या वयस्क माणसाने दिला. गाठ काकूंनी मारली. "गाठ पक्की आहे ना, बघू," म्हणून त्याने एकदा हातात घेऊन परत दिली. एवढेच.

मुंबई-ठाण्याच्या पोलिसांत अशा टोळ्यांना बोलबच्चन म्हणतात. या नावातच त्यांचे हत्यार सांगितलेले आहे. नजर नव्हे, बोलणे. शेठला मुलगा झाला, पुढे खून झालाय दागिने काढून ठेवा, आम्ही साध्या वेशातले पोलीस आहोत, अशी या मंडळींची ठरलेली पाठांतरे असतात. त्यात थोडा लोभ असतो, थोडी भीती, समोरच्या माणसाच्या वयाचा आणि कपड्यांचा मान, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घाई. विचार करायला लागणारी दोन मिनिटे काढून घेतली की उरलेले काम माणूस स्वतःच करतो. शेवटी रुमालाची अदलाबदल, ती निव्वळ हातचलाखी.

आता संमोहन. या विषयातल्या गैरसमजांची सुरुवात नावापासूनच होते. आपल्याकडे मदनाच्या पाच बाणांपैकी एकाचे नाव संमोहन आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह आणि त्यातून स्मृतीचा भ्रंश अशी साखळी येते. म्हणजे आपल्या कानाला या शब्दात पहिल्यापासून विवेक हरवल्याचा अर्थ ऐकू येतो. इंग्रजी नावाची गोष्टही तशीच. मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या जेम्स ब्रेड या डॉक्टरने १८४१ मध्ये एका फिरत्या प्रयोगकाराचा खेळ पाहिला, त्यावर काम केले आणि १८४३ च्या पुस्तकात ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. पुढे ही झोप नव्हे हे त्याच्याच लक्षात आले. एकाच कल्पनेवर मन खिळणे अशा अर्थाचे दुसरे नाव त्याने सुचवले, पण तोवर पहिले नाव जगभर गेले होते. एका भाषेने या अवस्थेला झोप म्हटले, दुसरीने विवेकाचा लोप. दोन्ही नावे चुकली.

आपल्या बोलीत तर भूल या एका शब्दात सारे कोंबलेले आहे. रानात भूल पडते, पोराला कोणी भुरळ घालते, पुढारी भूलथापा देतो, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर भूल देतात. या शेवटच्या अर्थाला मात्र खरा इतिहास आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन जेम्स एस्डेल बंगालमध्ये हुगळीला होता. एप्रिल १८४५ मध्ये त्याने एका कैद्याच्या अंडवृद्धीच्या दुखण्यावर काम करताना, ज्याबद्दल फक्त वाचले होते ती पद्धत करून पाहिली. अंगावरून हात फिरवत राहायचे, तासन् तास. मग शेकडो लहानमोठ्या शस्त्रक्रिया त्याने याच रीतीने केल्या, हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढल्या, आणि १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी इस्पितळ मिळवले. त्याच वर्षी अमेरिकेत इथर आले, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. ते मिनिटांत काम करत होते आणि जवळजवळ प्रत्येकावर करत होते, म्हणून एस्डेलची रीत मागे पडली.

एस्डेल मानत होता की त्याच्या हातांतून काहीतरी रोग्यात जाते. फ्रांझ मेस्मर साठेक वर्षे आधी पॅरिसमध्ये हेच सांगत होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, ते तपासले. ज्यांना मेस्मरची शक्ती दिली होती पण सांगितले नव्हते त्यांना काही झाले नाही. ज्यांना दिली नव्हती पण दिली असे सांगितले त्यांना झटके आले. समितीने निष्कर्ष काढला की हे कल्पनेचे काम आहे, आणि बहुतेकांनी विषय तिथेच बंद केला. मला मात्र खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो असे वाटते. नुसत्या कल्पनेने शरीर इतके हलत असेल तर ती शक्ती कोणाची? करणाऱ्याची की ज्याला होते त्याची?

गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या संशोधनाने याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिले आहे. ज्याला होते त्याची. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहोफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची बारा कृतींची चाचणी बनवली. हात जड होतोय अशी कल्पना करा, समोर माशी घोंघावतेय अशी कल्पना करा, अशा त्या कृती. काही थोडी माणसे जवळजवळ सगळ्या सूचना अनुभवतात, काही थोड्यांना काहीच होत नाही, बाकीची मधे कुठेतरी असतात. वर्षांनी पुन्हा मोजले तरी त्या माणसाचा आकडा फारसा बदलत नाही. रंगमंचावरचा जादूगार आधी सगळ्या प्रेक्षकांना हात एकमेकांत अडकवून बघायला सांगतो ते याचसाठी. त्याला कोणाला वर बोलवायचे ते शोधायचे असते.

आणि झोप? आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात एकदा पाळी संपेपर्यंत उभे राहून पाहा. आवाज इतका की शेजारच्या माणसाला खुणेने बोलवावे लागते. कारागीर चार-सहा मागांमधून फिरत असतो, चेहरा कोरा, नजर कुठे लागली आहे सांगता येत नाही. आपल्याला वाटते हा झोपेत चालतो आहे. पण ताण्यातला एक धागा तुटला, एका मागाच्या ठोक्यात बारीक फरक पडला, की तो वळलेला असतो, आणि बोटांनी गाठ मारून पुढे गेलेलाही असतो. त्याला घड्याळ ऐकू येत नाही, हाक ऐकू येत नाही, तो माग ऐकू येतो. संमोहन याच्या जवळपासचे आहे. लक्ष एका जागी इतके गोळा झालेले की बाकीचे आपोआप मागे सरते. शिवाय त्यात सांगणाऱ्याबरोबर जाण्याची तयारी लागते. मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या तर तो माणूस जागाच असतो. कोणीही कधीही त्यातच अडकून पडत नाही. सांगणारा खोलीतून निघून गेला तरी माणूस आपला आपण बाहेर येतो, किंवा सरळ झोपी जातो आणि उठतो.

मग संमोहित माणूस हुकुमाचा ताबेदार होतो ही समजूत? मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या विषयातला सगळ्यांत बोलका वाटतो. संमोहित माणसांना विषारी साप हाताने धरायला, ॲसिडमधून नाणे काढायला, ते ॲसिड समोरच्याच्या तोंडावर फेकायला सांगितले. इजा होऊ नये याची व्यवस्था गुपचूप केलेली होती. बहुतेकांनी सांगितलेले केले. जुन्या समजुतीला हा पुरावाच वाटला असता. पण या दोघांनी संमोहन न केलेल्या, फक्त तसे सोंग घेणाऱ्या माणसांनाही तेच सांगितले, आणि त्यांनीही केले. पूर्ण जागी असलेली माणसेसुद्धा मोठ्या प्रमाणात तयार झाली. का? कारण हे विद्यापीठ आहे, समोर शास्त्रज्ञ आहे, खरेच इजा होईल असे हा माणूस करणार नाही, असा त्यांना भरवसा होता.

धामणकर नाक्यावरच्या त्या दोघांना या प्रयोगाचे नावही ठाऊक नसेल, पण त्यांचे काम याच भरवशावर चालते. इस्त्रीचा शर्ट, "माताजी" ही हाक, स्वतःच्या आईचा उल्लेख. माणसाने माणसावर ठेवलेला रोजचा विश्वास तिथे वापरला गेला. हा विश्वास नसेल तर रिक्षात बसता येणार नाही, दुकानातून उधारीवर तांदूळ मिळणार नाही. काकूंमध्ये काही कमी होते म्हणून त्या फसल्या नाहीत. आणि मोबाइलवर खोटा पोलीस दिसला म्हणून तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून बचत पाठवून देणारे शिकलेले लोकही त्याच रीतीने फसतात. त्या डिजिटल अरेस्टबद्दल २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांना बोलावे लागले. तिथे तर डोळ्यांत डोळे घालायलाही कोणी समोर नव्हते.

संमोहनात सगळे खरे आठवते हा आणखी एक हट्टी गैरसमज. त्यावर एवढेच सांगते की संमोहनात आठवणी वाढतात, पण खऱ्यांबरोबर खोट्याही वाढतात, आणि वाईट म्हणजे दोन्हींबद्दलची खात्री सारखीच वाढते. पूर्वजन्म दाखवून देतो म्हणणारे सत्र घेतात तेव्हा तिथे दिसणारा राजवाडा पाहणाऱ्याच्या वाचनातला, ऐकण्यातला असतो.

मला जास्त बोलायचे आहे ते जमावाबद्दल, कारण मी भिवंडीची आहे. आमच्या गावाचे नाव बाहेर सांगितले की समोरचा माणूस दोन गोष्टी म्हणतो, माग आणि दंगल. आणि दंगलीबद्दल बोलताना चांगले वाचलेले लोकसुद्धा सहज म्हणून जातात, "जमाव संमोहित झाला होता." ही कल्पना कुठून आली तेही माहीत आहे. फ्रेंच लेखक ल बाँ याने १८९५ च्या गर्दीवरच्या पुस्तकात जमावातल्या माणसाची तुलना संमोहित माणसाशी केली. त्या काळी पॅरिसमध्ये संमोहनाची चर्चा जोरात होती, म्हणून ती उपमा हाताशी होती. सव्वाशे वर्षे आपण ती उपमा पुरावा असल्यासारखी वापरतो आहोत.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्यावर वर्षानुवर्षे साक्षी घेतल्या. त्यातून काय दिसते? आधीच्या काळात तणाव कसा चढवत नेला, कोणत्या संघटनांनी कोणता वाटा उचलला, पोलीस कुठे एका बाजूला झुकले. ही सगळी जाणतेपणी केलेली कामे आहेत. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले आणि आग ठाण्या-मुंबईपर्यंत गेली. गर्दी ही जर संमोहनासारखी, आपोआप लागणारी अवस्था असेल, तर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये भिवंडी सगळ्यांत आधी जळायला हवी होती. तेच दाट मोहल्ले, तेच मागवाले, तेच कोकणी, मोमीन, आगरी, पद्मशाली शेजार. तरी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. १९८८ पासून इथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस ठरावीक दिवशी एकत्र बसत. गल्लीतली लहान भांडणे तिथे सुटत आणि अफवा आली तर कोणाला विचारायचे ते ठाऊक असे. संमोहन उतरवायला कोणी मांत्रिक आला नव्हता. आधी विचार करायला, विचारायला मिळत नसलेली दोन मिनिटे या कमिट्यांनी लोकांना परत मिळवून दिली होती.

म्हणूनच मला "जमाव संमोहित होता" हे वाक्य सहन होत नाही. त्यात पेटवणारा सुटतो, पेटणारा सुटतो, आणि विझवणाऱ्याने जे केले त्याची किंमतही शून्य होते.

याच समजुतीची दुसरी बाजू रक्ताने भरलेली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना गावकऱ्यांनी मुले पळवणारे समजून ठेचून मारले. ती भिक्षेकरी माणसे मंगळवेढ्याकडून आली होती. मोबाइलवरच्या अफवांचे ते दिवस होते हे खरे. पण ती अफवा रुजायला जमीन आधीची होती. झोळीवाला येतो, पोराला भुरळ घालतो, काहीतरी हुंगवतो आणि पोर आपल्या पायांनी त्याच्या मागे जाते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांना जेवू घालताना सांगत आलो आहोत. मीही माझ्या मुलाला सांगितले आहे. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. परक्या माणसाच्या नजरेत शक्ती असते असे एकदा मान्य केले की त्याच्याशी बोलणेसुद्धा धोक्याचे ठरते, आणि नाव-गाव विचारायच्या आधीच हात उठतो.

इकडे खरे संमोहन ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वारंवार पोट बिघडण्याचा, तपासण्यांत काही न सापडणारा आजार अनेकांना वर्षानुवर्षे छळतो. पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये मँचेस्टरहून अशा तीस रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, संमोहन दिलेल्यांना स्पष्ट फायदा झाला, आणि पुढे ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनात औषधांनी गुण न आलेल्यांसाठी हा पर्याय आला. बेल्जियममध्ये लिएझच्या रुग्णालयात १९९२ पासून काही शस्त्रक्रिया स्थानिक भूल, थोडे गुंगीचे औषध आणि संमोहन यांच्या जोडीवर होतात. दुखणे कळते, पण त्याचा त्रास कमी होतो. सगळ्यांना ते लागू पडत नाही, आणि गंभीर मानसिक आजारात ते औषधाची जागा घेऊ शकत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलीला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीची इतकी धास्ती होती की दाढ किडून गाल सुजला तरी ती जाईना. मी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन संमोहनाबद्दल विचार असे सुचवले. तिच्या आईने मला बाहेर बोलावून सांगितले, "ताई, तसलं काही नको. पोरीचं लग्न व्हायचंय. कोणी काही करून घेतलं तर?" काकूंच्या दागिन्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

फसलेल्या माणसाच्या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा समंजस आहे. फसवणुकीचे पूर्वीचे कलम ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८. त्याच्या व्याख्येतच आहे की खोटे बोलून माणसाला त्याची मालमत्ता स्वतःहून द्यायला लावणे हाच गुन्हा. म्हणजे वस्तू स्वतःच्या हाताने दिली म्हणून लाज वाटायचे कारण नाही, ते गुन्ह्याचे लक्षणच आहे. बिस्किटातून, चहातून गुंगीचे औषध देऊन लुटणे हा वेगळा, खरा गुन्हा आहे. तिथे रक्त-लघवीची तपासणी ताबडतोब व्हावी लागते, आणि "संमोहन झाले" म्हणून बसून राहिले तर तीही राहून जाते.

तीन-एक महिन्यांनी मी काकूंजवळ पुन्हा विषय काढला. तो शब्द बाजूला ठेवा, म्हटले, फक्त सांगा, आधी काय, मग काय. वाटाणे सोलत त्या सांगू लागल्या. पहिला माणूस, दुसरा माणूस, साडी, राशन. मंगळसूत्राला हात घालायला मन धजत नव्हते, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितले. मी विचारले, मग काढलेत कसे? सोललेले दाणे हातातच राहिले.

"ती बाई होती ना," काकू म्हणाल्या. "हिरव्या साडीतली. तिने आधी काढल्या. तिच्या बांगड्या. मला म्हणाली, काढा हो, मी पण ठेवल्या. तिचंही गेलं असणार बिचारीचं, असं मला इतके दिवस वाटत होतं."

तक्रारीत दोन पुरुष होते. बाई कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पुरवणी जबाब द्यायला गेलो.